आळेफाट्याजवळचं क्लच-ब्रेकवालं गॅरेज, माझा अनुभव (जरा लांबलंय)

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण नावाचा बोर्डच नाहीये. पत्र्यावर ऑइलपेंटने 'क्लच ब्रेक काम' एवढंच लिहिलंय, त्यातला 'काम' पण निम्मा उडालाय. आळेफाट्यावरून ओतूरकडे निघालं की थोडं पुढं डाव्या हाताला टायरवाला लागतो, त्याच्या मागं चिंचेखाली. मिस्त्री साठीच्या पुढचे, हाताखाली एक पोरगा, बस. बाहेरून बघितलं तर इथं कोण गाडी लावेल असं वाटेल, मला पण वाटलेलं.

आमची पिकअप २०१० ची, २०१७ ला सेकंड हॅंड घेतलेली, किलोमीटर काय झालेत देवाला माहिती कारण काटा मध्ये वर्षभर बंदच होता. सीझनला टोमॅटो, बाकीच्या वेळेला जे मिळेल ते. साठ-सत्तर कॅरेट भरायचे, माळशेजमार्गे कल्याण, शीळफाटा करून वाशी मार्केट, आणि येताना भिवंडीवरून पशुखाद्याच्या गोण्या मिळाल्या तर देव पावला. म्हणजे आमच्या क्लचला आराम असा नाहीच, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासाभरात माणूस किती वेळा क्लच दाबतो ते तिथून जाणाऱ्यालाच माहिती.

क्लच हायड्रॉलिक आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, यात वायर नसते. पेडल दाबला की वरचा पंप (मास्टर सिलिंडर, आपल्याकडं अप्पर म्हणतात) ऑइल ढकलतो, ते पाइपातून खाली गिअरबॉक्सजवळच्या लोअरमध्ये जातं, लोअरचा दांडा बाहेर येऊन फोर्क ढकलतो आणि क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची जोड तुटते. पाय काढला की ऑइल परत वर डबीत. हे 'परत वर' लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथंच आहे.

तर नवरात्रात गाडी चढाला स्लिप मारायला लागली. म्हणजे एक्सलेटर दिला की इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय आणि गाडी मात्र बैलासारखी जागेवर. सकाळी नाही हां, सकाळी घरून निघताना एकदम मक्खन. तासभर चालली, पेडल जरा मारला गेला की मग सुरू. आणि वास, जळक्या क्लचचा तो वास एकदा नाकात बसला की जेवताना पण येतो.

दसरा झाल्यावर एका मोठ्या गॅरेजला टाकली (नाव नको, माणसं वाईट नाहीत). त्यांनी एक चक्कर मारली आणि सरळ सांगितलं क्लच प्लेट गेली, सेट बदलावा लागेल. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन, १२,४०० बिल. जुनी प्लेट दाखवली मला, खरंच गेलेली होती, लायनिंग काळं पडून काचेसारखं चकाकत होतं, प्रेशर प्लेटवर निळे डाग. त्यामुळं ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण ती प्लेट जळली कशामुळं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी पण विचारलं नाही, मी तर पैसे देऊन, नारळ फोडून खुशीत घरी आलो. पंधरा दिवस गाडी अशी पळाली की विचारू नका.

मग दिवाळीनंतर एका रात्री माळशेज. भिवंडीवरून ३० गोण्या भरलेल्या, म्हणजे दीड टन, कल्याणात ट्रॅफिक लागलेलं, मुरबाड सोडलं तेव्हाच पेडल वेगळा लागत होता. वर एकदम कडक, नेहमी वरचा थोडा मोकळा खेळ असतो ना तो गायबच. टोकावडं गेलं, घाट चालू झाला आणि दुसऱ्या गिअरला पण गाडी ओढेना. नवीन प्लेट! वीस दिवस झालेले नव्हते! रात्रीचे साडेअकरा, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, मी कशीबशी कडेला घेतली, चाकाला दगड लावले आणि बसलो. काय करणार. तासभर बसलो, बिस्किटाचा पुडा संपवला, त्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं. तासाने सहज चालू करून बघितली तर गाडी निघाली, काही झालंच नाही अशी, खुबी फाट्यापर्यंत वर आली पण. तिथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की जळलेली प्लेट काय तासभर झोप काढून बरी होत नसती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजला फोन केला तर ते म्हणाले घेऊन या, परत उतरवून बघू, निघालं काही तर लेबर नाही घेणार. परत गिअरबॉक्स! तेवढ्यात आमच्याच गावातला एक ट्रकवाला म्हणाला, उतरवायच्या आधी एकदा चिंचेखालच्या मिस्त्रीला दाखव.

सकाळी नऊला तिथं पोचलो. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा पण बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "आत्ता गाडी थंड आहे, आत्ता मी काय बघू? ओतूरपर्यंत जाऊन ये, रस्त्याने पेडल मारत मारत ये, स्लिप मारायला लागली की थेट इथं आण, बंद करू नको." मला राग आला खरं सांगतो. डिझेल काय फुकटय? पण गेलो. येताना दुखणं आलं, तशीच आणून उभी केली.

आता पुढचं जे झालं ते मी डोळ्याने बघितलंय म्हणून नीट लिहितो, ज्याची गाडी अशीच करत असेल त्याच्या उपयोगाला येईल.

मिस्त्री स्वतः बसले. हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबला, चौथा टाकला आणि क्लच हळू सोडला. चांगला क्लच असेल तर इंजिनने जागेवर दम तोडायला पाहिजे. इंजिन आपलं चालूच, पेडल पूर्ण वर आलाय, पाय बाजूला आणि गाडी थरथरतेय फक्त. लगेच न्यूट्रल केलं, "जास्त वेळ करायचं नसतं हे, प्लेट जळते" म्हणाले. मग इंजिन बंद, चाकाला ओंडके, गाडीखाली गेले. पोऱ्याकडून दहाचा पाना घेतला, लोअरच्या निपलला (ऑइलमधली हवा काढायचा बारीक पोकळ स्क्रू) एक पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत, आणि निपल अर्धा आटा फिरवला. पेडलवर कोणाचा पाय नाही हां, केबिन रिकामी. तरीपण नळीतून ऑइलची पिचकारी उडाली, चुळूक करून, आणि लोअरचा दांडा आपोआप आत सरकला. निपल बंद. वर येऊन परत तीच टेस्ट, चौथा, हँडब्रेक, क्लच सोडला आणि अर्ध्यातच इंजिन ढप्पकन बंद पडलं.

मला म्हणाले, "प्लेट ठीक आहे तुझी. तुझ्या क्लचवर चोवीस तास कोणीतरी पाय ठेवून बसलंय."

म्हणजे झालं असं होतं की पाय काढल्यावर ऑइल डबीत परत जायला वरच्या पंपात एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. ते बंद झालं की ऑइल खालीच अडकतं. इंजिन-गिअरबॉक्सची गरमी लागून ते फुगतं, फुगलं की जायला जागा नाही म्हणून दांड्याला ढकलतं, दांडा फोर्कला, आणि क्लच थोडा थोडा सुटलेलाच राहतो. सुटलेला राहिला की स्लिप, स्लिप झाली की अजून गरमी, अजून गरमी म्हणजे ऑइल अजून फुगणार. तासभर थांबलं की सगळं थंड होऊन आकसतं आणि गाडी शहाणी होते. माळशेजला मी बिस्किटं खात होतो तेव्हा हेच चाललेलं.

मग भोक बंद का झालं? मिस्त्री म्हणाले दोनच कारणं, एक तर पेडलचा रॉड कोणीतरी ताणून अॅडजस्ट केलाय त्यामुळं पंपाचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, नाहीतर आतलं रबर फुगलंय. रॉड आधी बघितला कारण ते फुकटातलं काम. डॅशबोर्डखाली डोकं घालून बोटाने हलवून दाखवला, प्ले बरोबर होता. मग डबीचं टोपण उघडलं.

टोपणाच्या आत रबराची एक पातळ वाटी असते, घडी घडीची. ती निघाली ती भिजवलेल्या पापडासारखी, लांबलेली, मऊ, परत जागेवर बसवली तर बसेना. मिस्त्रीने ती माझ्या हातात दिली आणि काही बोललेच नाहीत. मग डबीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. पोऱ्याला म्हणाले पाणी आण. पोऱ्याने स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं, मला वाटलं प्यायला. त्यात ड्रॉपरने डबीतलं ऑइल सोडलं. थोडं पाण्यात मिसळलं आणि बाकीचं वर तवंग होऊन तरंगायला लागलं, रश्श्यावर तर्री येते ना तशी. "क्लचला पण ब्रेक ऑइलच लागतं, आणि ते पाण्यात मिसळतं. हे जे तरंगतंय ते ब्रेक ऑइल नाही. काय ओतलं होतंस?"

मी म्हटलं मी काहीच नाही ओतलं. आणि तेव्हा आठवलं. पोळ्याच्या आसपास मी दोन दिवस बाहेर होतो आणि गाडी घरी अण्णांकडं होती.

तिथंच फोन लावला. "अण्णा, क्लचच्या डबीत तुम्ही काय टाकलं होतं का?" अण्णा एकदम अभिमानाने, "हो मग, कमी झालेलं. हायड्रॉलिक क्लच आहे ना, म्हणून ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल होतं घरात ते टाकलं. का?"

मिस्त्री हसले नाहीत, मला फक्त म्हणाले, "ब्रेकच्या डबीत पण टाकलंय का विचार." आणि माझे हातपाय थंड पडले. कारण हेच ऑइल ब्रेकमध्ये गेलं असतं तर तीच रबरं तिथं पण फुगली असती, आणि तो घाट मी दर आठवड्याला भरल्या गाडीने उतरतोय. अण्णा म्हणाले ब्रेकला हात लावला नाही. मिस्त्रीने तरी ब्रेकच्या डबीतलं काढून परत नवीन ग्लासात टाकून बघितलं, पूर्ण मिसळलं, तवंग नाही. टोपणाचं रबर पण ठणठणीत. तेव्हा मी चहा मागवला.

अण्णांची चूक म्हणावी तर नाव खरंच तसंच आहे ना, हायड्रॉलिक क्लच म्हटल्यावर माणूस हायड्रॉलिक ऑइलच टाकणार. पण ट्रॅक्टरचं ते ऑइल खनिज तेल असतं आणि क्लच-ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं, त्याला खनिज तेल लागलं की फुगतं. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, काहीच चालत नाही. डबीच्या टोपणावर कोणतं ब्रेक ऑइल टाकायचं, डॉट ३ का डॉट ४, ते कोरलेलं असतं, आमच्यावर डॉट ३ होतं, काजळी पुसल्यावर दिसलं. सात वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं हे पण इथंच कबूल करतो.

आणि पहिल्या गॅरेजनंतर पंधरा दिवस बरं का वाटलं? तर त्यांनी गिअरबॉक्स बसवल्यावर क्लचच्या ऑइलमधली एअर काढली, म्हणजे निपल उघडला, म्हणजे कोंडलेलं प्रेशर निघून गेलं आणि थोडं नवीन ऑइल पण आत गेलं. रबर होतं तसंच राहिलं.

कामाचं सांगतो. मला वाटलं वरच्या पंपाचं रबर किट टाकतील, तीन-चारशेत मिटेल. मिस्त्री म्हणाले ते ऑइल जिथं जिथं गेलं तिथलं सगळं रबर गेलं, आज किट टाकलं तर महिन्याने लोअर, मग होज, तू दर महिन्याला येशील आणि मला शिव्या देशील. लोअर खोलून दाखवला. रबर फुगलेलं होतंच, शिवाय सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे, नखाला लागत होते. बाहेरच्या रबरी बुटात ओल होती. म्हणजे अण्णांना डबीत ऑइल कमी दिसलं ते या लोअरमधून आधीपासून झिरपत होतं म्हणून. हा माणूस गाडी वाचतो राव. मला म्हणाले क्लचचं ऑइल पिऊन संपत नसतं, कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय, ओतायच्या आधी ते शोधायचं.

तर अप्पर नवीन, लोअर पूर्ण नवीन, मधला रबरी होज नवीन, टोपणाची वाटी नवीन. लोखंडी पाइप ठेवला पण तो स्पिरिटने धुतला आणि कॉम्प्रेसरने फुंकला, मी डिझेलने धुवा म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं की बस. अर्थात, डिझेल म्हणजे परत तेलच की. प्लास्टिकची डबी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवली आणि पूर्ण सुकल्याशिवाय बसवली नाही, यात दीड तास गेला.

मग एअर काढायचं काम, त्यात मी वर. "दाब... धर... सोड. हळू सोड रे." असं किती वेळा ते मोजलं नाही, माझी डावी मांडी दुसऱ्या दिवशी जिन्यावर बोलत होती. पहिलं ऑइल तर नुसतं पाइप धुवायलाच वाहवलं, बाटलीतलं परत डबीत ओतलं नाही. तरी शेवटी पेडल थोडा स्पंजासारखा लागत होता. मिस्त्रीने लोअर बोल्टमधून सोडवला, हातात धरून निपलची बाजू वर केली, दांडा आत दाबून ठेवला आणि दोन बोटांनी ठोकला, एक मोठा बुडबुडा नळीतून निघाला आणि संपलं. पेडल एकदम पक्का. गिअरबॉक्सला हातसुद्धा लावला नाही.

बिल: अप्पर १,४५०, लोअर ९८०, होज आणि वाटी ३५०, ऑइलच्या दोन बाटल्या ३६०, मजुरी १,२००. झाले ४,३४०, घेतले ४,३००. मजुरीत सकाळचा तो पाऊण तास, ज्यात पान्याचं काम दोन मिनिटांचं होतं, तो धरलेलाच नाही. मी म्हटलं घ्या त्याचे पण, तर म्हणाले बघण्याचे पैसे घेत नाही. माझ्या मते घ्यायला पाहिजेत, कारण मला १२,४०० चा फटका बसला तो कोणी बघितलं नाही म्हणूनच.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल नातेवाईक आहे. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच, सात वेळा केला. बिल म्हणाल तर कॅलेंडरच्या पानामागं पेनाने, जीएसटी वगैरे विसरा. पार्ट स्वतः ठेवत नाहीत, पोरगा मोटारसायकलवर आणायला गेला आणि अर्धा तास बोलून दोन तासाने आला. बसायला टायर. एका वेळेला एकच गाडी घेतात, माझ्यानंतर एक छोटा हत्ती आला त्याला सरळ उद्या ये म्हणाले, तो वैतागून गेला. संध्याकाळी सहाला काम झालं तर गाडी दिली नाही, रात्रभर ठेव, सकाळी पेडल बघून देतो. माझं एक भाडं बुडालं त्यात. सकाळी स्वतः परत ओतूरपर्यंत मारून आले, गरम गाडीला निपल उघडून बघितला, थेंबभर आलं फक्त, पिचकारी नाही, तेव्हा चावी दिली. तोंडाने पण जरा फटकळ आहेत, बायकामाणसांना सोबत नेऊ नका असं नाही पण तयारी ठेवा.

याला आता अडीच महिने झाले. माळशेज भरल्या गाडीने नऊ-दहा वेळा चढलोय, शीळफाट्याला दोन-दोन तास अडकून पण पेडल तसाच, वरचा मोकळा खेळ जागेवर. नवीन प्लेट त्या वीस दिवसांत थोडी खाल्ली गेली असणार, मिस्त्रीपण तेच म्हणाले, पण स्लिप नाही. दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायला या म्हणालेत कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज चढतो, ते खड्डे त्याचेच. डबीच्या बाजूला मार्करने तारीख पण लिहून दिली. पाचातले साडेचार देतो, अर्धा फोनचा कापला.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, अमावस्येला बंद असतं, आणि गाडीत काही कमी झालं म्हणून घरचं काही ओतलं असेल तर पहिल्यांदाच सांगून टाका, ते ग्लासभर पाण्यात काढतातच. अण्णा मागच्या आठवड्यात स्वतः जाऊन आले तिथं, ट्रॅक्टरच्या ब्रेकचं दाखवायला. मिस्त्रीने ओळखलं नाही म्हणे. मग अण्णांनीच सांगितलं, हायड्रॉलिकवाला मीच.